इंजिनाचा कडता

मानसिंगला दुधात पाणी आणि काट्यात खोट दिसायचीच. भाजीवालीनं तराजू उचलला की हा आधी पारड्याखाली वाकून बघणार. असा माणूस मोटारीचं इंजिन लावलेल्या विमानात बसायला तयार झाला, हेच नवल. पण पिकांवर फवारणी करणारी ज्या कंपनीची विमानं तो उडवायचा ती बंद पडली होती, जमिनीवर त्याचा जीव रमत नव्हता, आणि जुना दोस्त मल्लिकार्जुन याच्यावर त्याचा विश्वास होता. निदान आज सकाळपर्यंत होता.

चौऱ्याहत्तर सालची ही गोष्ट. अक्कलकोट रोडला मल्लिकार्जुनचं गॅरेज होतं. लिलावात मिळालेला लहानशा विमानाचा सांगाडा त्यानं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवला होता. विमानाचं खरं इंजिन आणणं दोघांच्याही आवाक्याबाहेरचं, म्हणून अपघातात चेपलेल्या फियाटचं इंजिन भंगारातून घेतलं. मोटारीला थोडं ओझं कमीजास्त झालं तर कळत नाही. विमान मात्र नाकात जड झालं की मान वर करत नाही, आणि समोरच्या बांधावर जाऊन आदळतं. मानसिंगनं हे इतक्यांदा ऐकवलं होतं की गॅरेजच्या गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं. म्हणून तर भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधीच गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील, म्हणजे मागचं ते बिडाचं जडशीळ चाक, काढून टाकलं होतं.

इंजिन बसवण्याआधी दोघांनी ताळा घेतला होता. पंखांखाली ओंडका घातला, इंजिनाच्या वजनाइतकी वाळू वाण्याच्या काट्यावर तोलून नाकाला बांधली, आणि विमान छान समतोल राहिलं. आज वाळू सोडून इंजिन चढवलं. तोच ओंडका, तीच जागा, आणि नाक धाडकन खाली गेलं. उद्या सकाळी माळावर पहिलं उड्डाण ठरलं होतं.

ओंडका सरकला असेल, असं मल्लिकार्जुन म्हणाला. मानसिंगच्या मनात मात्र पाल चुकचुकली. ते चाक नसलं की इंजिन मंद चालताना हिसके देणार, अशी कुरकुर मल्लिकार्जुननं मागं केली होती. आणि परवा चालवून बघितलं तर इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. शिवाय मागचं झाकण त्यानं एकट्यानंच बंद केलेलं, मानसिंग करमाळ्याला गावी गेलेला असताना. एकदा असं जुळायला लागलं की माणसाचं हसणंसुद्धा खोटं वाटतं. वर बसणार मी, हा खाली उभा राहून टाळ्या वाजवणार, असं मनात येऊन मानसिंगला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

शेवटी त्यानं विचारलंच. "ते चाक परत आत घातलंस का?"

मल्लिकार्जुनच्या हातातला पाना थांबला. "न्हाई."

"मग वजन कुटनं आलं?"

मल्लिकार्जुननं पाना खाली ठेवला. मानसिंगनं सायकल काढली आणि भंगारवाल्या दस्तगीरचं दुकान गाठलं. त्याच्याकडून सगळं वदवून घ्यायचंच, असं त्यानं ठरवलं होतं.

दस्तगीरला इंजिन चांगलं आठवत होतं. काट्यावर भरलेलं वजनही त्यानं न अडखळता सांगितलं, आणि ते मानसिंगच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त होतं. म्हणजे हे दोघं मिळालेले, असं मानसिंगच्या ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात दस्तगीर म्हणाला, "वो काट्याका वजन. तुमच्या आकड्यातनं कडता गेला की."

भंगारात वजनावर सौदा होतो, आणि मातीपोटी, गंजापोटी थोडं वजन तोडून मागायची रीत आहे. तोच कडता. वंगणाचा कडता मल्लिकार्जुननं भांडून घेतला होता, चिखलाचा वेगळा. घासाघीस ऐकायला माणसं जमली होती, हेही आता मानसिंगला आठवलं.

"आन सगळ्यात मोठा कडता तुमीच तोडला," दस्तगीर म्हणाला. "तुजा काटा खोटा हाय म्हनले. मी म्हनलो, जाऊ दे, तोडा. काटा खरा होता, साहेब."

तोडून तोडून उरलेला आकडा दोघं जिंकल्यासारखे घेऊन घरी आले होते, आणि त्याच आकड्याची वाळू नाकाला बांधली होती. तोच आकडा घेऊन तो उद्या उडणार होता.

तो शेडवर परतला तेव्हा इंजिन खाली उतरवलेलं होतं. मागचं झाकण उघडं, चाकाची जागा रिकामी. इंजिनाचे हिसके पुढच्या पंख्याच्या फिरण्यानंच जिरवले होते. सगळे भाग सुटे करून ताडपत्रीवर मांडलेले, आणि शेजारी वाण्याकडून आणलेला काटा. मल्लिकार्जुन काळ्या हातांनी भिंतीला टेकून बसला होता.

"एकेक तोल," तो म्हणाला. "मी लांबच बसतो."

मानसिंगनं काही लपवलं नाही. वंगण, चिखल, आणि खोटा काटा म्हणून आपण तोडलेलं वजन, सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणाला.

"बरं झालं संशय घेतलास," मल्लिकार्जुन म्हणाला. "न्हाईतर उद्या जीव गेला असता तुजा. पण माज्यावर घेतलास."

मानसिंगनं खाली बसून पहिला पिस्टन पारड्यात ठेवला. पारड्याखाली तो वाकून बघायला गेला नाही.