केळीच्या खोलीतली पुस्तकं

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. टेबलावर बसणारा, विजेवर चालणारा आणि पुढच्या काचेत लाल आकडे दाखवणारा. माझी एक रबरी टाच झिजली आहे, म्हणून माझ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागते. दिसायला मी काही खास नाही. पण एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो, मी आजवर कधी खोटं बोललो नाही. तसं त्यात माझं कौतुक काहीच नाही, कारण मला खोटं बोलताच येत नाही. मला बोलता येतो तो फक्त आकडा. आणि माणसांची तऱ्हा अशी, की आकडा मनासारखा आला तर माल चांगला आणि मनाविरुद्ध आला तर काटा बिघडला!

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यावर पितळी वजनं ठेवून माझी परीक्षा घेतली, मी पास झालो आणि पोटावर सरकारी मोहर घेऊन मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरला आलो. लोधीपुऱ्यातल्या एका मिठाईच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. दराबा आणि मावा जिलबी तोलता तोलता सण कधी आला नि कधी गेला, कळायचं नाही. मालक गिऱ्हाइकाला म्हणायचा, "मेरी तरफ मत देखो, काटा देखो!" तेव्हा मला फार बरं वाटायचं. पुढे तिथे बिल छापून देणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी रिकाम्या डब्यांच्या मागे झाली. साखरेच्या वासाने मुंग्यांनी माझ्या अंगात बिऱ्हाड केलं. एके काळी ज्याच्याकडे सगळं दुकान डोळे लावून बसायचं, त्याच्याकडे आता कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

तिथून मला बाहेर काढलं ते ज्योत्स्नाताईंनी. दराबा घ्यायला आल्या होत्या, नजर माझ्यावर पडली आणि मालकाला म्हणाल्या, "भैया, हा पडलेलाच आहे तर मला द्या न. मला पुस्तकं तोलायची आहेत."

मालक हसला. मीही मनात हसलो. पुस्तकं काय जिलबी आहे का तोलायला?

ज्योत्स्नाताई मूळच्या नेपानगरच्या, कागद कारखान्याच्या कॉलनीतल्या. वडील महाराष्ट्रातून तिथे नोकरीला आलेले. लग्न होऊन त्या बुऱ्हाणपुरात केळीवाल्या घरात आल्या. नवरा निरंजन केळीचा व्यापारी. घरामागेच केळी पिकवण्याची थंड खोली, तिला सगळे चेंबर म्हणतात. सासूबाई धुरपदाबाई, बोलायला रोखठोक, मनाने मऊ. पोरं शिकायला बाहेर गेली आणि ताईंनी कॉलनीतल्या बायकांच्या गोष्टी लिहायला घेतल्या. 'भोंग्यानंतरची भाकरी' असं पुस्तकाचं नाव. प्रकाशकांनी ते आदराने परत पाठवलं. एकाने तर न उघडताच पाठवलं. शेवटी ताईंनी स्वतःच छापून घेतलं आणि ऑनलाइन विकायचं ठरवलं. वयाची पंचेचाळिशी उलटलेली, मराठी वाचणारं गाव सोडून दूर बसलेली ही बाई. तिचं नाव वाचकांपर्यंत जायची ही एकच वाट होती. ती बंद झाली, तर दुसरी नव्हती.

लोकांना वाटतं ऑनलाइन म्हणजे फोटो टाकला की झालं! मी जवळून पाहिलं आहे. ताई संध्याकाळी फोन उभा करून लाइव्ह यायच्या. पहिल्या दिवशी पाहायला तिघं, त्यातली एक नणंद. तरी त्या एक पान वाचायच्या, नेमक्या उत्सुकतेच्या जागी थांबायच्या आणि "पुढचं पुस्तकात!" म्हणून गोड हसायच्या. मग त्यांनी जोडीची युक्ती काढली. एक प्रत स्वतःला, एक मैत्रिणीला. दोन प्रती, मधे पुठ्ठा, वर पाकीट, सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आत. अर्धा किलो ओलांडला की कुरियरचा दर बदलतो. हा हिशेब माझ्याच अंगावर ठरला. चारशे ब्याण्णव ग्रॅम! ताईंनी टाळी वाजवली. धुरपदाबाईंनी मला कुंकू लावलं. मित्रांनो, एवढा मान मला दुकानातही मिळाला नव्हता.

ऑर्डरी वाढल्या आणि मे महिना आला. पुस्तकं माळ्यावर पत्र्याखाली ठेवली होती. तापीकाठचा मे काय असतो, ते तिथल्या म्हशींना विचारा. पुस्तकांच्या पाठीचा डिंक पाघळला, दोन प्रतींची पानं सुटून हातात आली. ताईंचं तोंड उतरलं. ते पाहून निरंजनभाऊंचा जीव कळवळला.

"अगं, टेन्शन काहून घेते? चेंबरमध्ये ठेव न. एका कोपऱ्यात जागा खालीच आहे. एकदम थंडगार. केळी टिकून राहते तिथं, तर पुस्तकाला काय होणार?"

केळीवाल्याच्या घरात याहून सुरक्षित जागा कोणती? सोनं ठेवायची वेळ आली असती, तर त्यांनी तेही तिथेच ठेवलं असतं. ताईंनी सगळ्या प्रतींवर आधीच सह्या करून त्या खाकी कागदात गुंडाळल्या आणि गठ्ठे चेंबरमध्ये गेले. पण केळीला थंडावा लागतो तसा ओलावाही लागतो. साल सुकू नये म्हणून तिथे पाण्याचा बारीक फवारा चालू असतो. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. इतकं पाठ, की कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

ते कळलं फक्त मला. आठवड्याभरात जोडीचं वजन चारशे नव्व्याण्णव झालं. मी दचकलो. पुस्तक काही खातपीत नाही, मग वाढतं कसं? मी लाल आकडा डोळे वटारल्यासारखा दाखवत राहिलो. ताई फोनवर कोणाला तरी पत्ता विचारत होत्या. त्यांनी पाहिलंच नाही.

आणखी दोन दिवसांनी आकडा पाचशेच्या पार गेला. कुरियरचा गिरधर माल न्यायला आला होता. तो म्हणाला, "भाभी, आधा किलो क्रॉस होऊन गेलं. या रेटमध्ये सिस्टम घेत नाही."

निरंजनभाऊ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. आकडा तोच. अजून एक मारली. तोच.

"डोकं सटकलं याचं. दुकानवाल्यानं भंगार गळ्यात मारलं आपल्या."

"पण भैया, ऑफिसच्या काट्यावरही कालचं पार्सल जास्तच आलं," गिरधर हळूच म्हणाला.

"त्यांचे काटे तर असतातच तसे!"

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? धुरपदाबाईंना माझी दया आली. त्यांनी मिठाचा बंद पुडा आणून माझ्यावर ठेवला. एक किलो बरोबर भरला. "माय वं, हा तर खरं सांगून राहिला. त्याला काहून मारतो रे?"

पण तोवर ताईंनी दुसराच उपाय काढला होता. त्यांनी मधला पुठ्ठा काढला, पाकीट पातळ केलं आणि जोडी पुन्हा अर्ध्या किलोच्या आत बसवली. सगळे खूश झाले. मी मात्र कासावीस झालो. ज्या पुठ्ठ्याने पुस्तक सरळ राहत होतं, तोच गेला. आणि मला ओरडता येत नव्हतं. तशी दोन पार्सलं गिरधरच्या गाडीतून निघूनही गेली.

मग तो शुक्रवार उजाडला. नाशिकच्या दीपालीताईंचं एक महिला वाचक मंडळ होतं. त्यांनी पन्नास प्रती मागवल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यातल्या रविवारी ज्योत्स्नाताईंना बोलायला बोलावलं होतं. "आमच्या बायका वाचून येतील हं, प्रश्न विचारतील," असं त्या म्हणाल्या होत्या. या एका वाक्यावर ताई आठवडाभर हवेत होत्या. प्रती त्या दिवशीच निघायला हव्या होत्या, नाहीतर वाचायला वेळच उरला नसता. शिवाय ताई ज्या वेबसाइटवर पुस्तक विकायच्या, तिचा नियम वेगळाच. पाचला माल दिला नाही की ऑर्डर आपोआप रद्द, आणि ताईंचं तिथलं दुकान काही दिवस बंद.

गठ्ठे चेंबरमधून आणून ओटीवर रचले. चार वाजून गेले होते. दीपालीताईंच्या प्रतीवर त्यांचं नाव घालावं, म्हणून ताईंनी एक खाकी कागद सोडला, शाईचा पेन उघडला आणि 'प्रिय दीपालीताई' लिहिलं.

शाई पसरली. अक्षरांना पाय फुटले आणि ती पानभर चालू लागली.

ताईंनी पान चिमटीत धरलं. पान गार आणि मऊ पडलेलं. मुखपृष्ठ भाजलेल्या पापडासारखं वळलेलं. त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं. पिकल्या केळीचा वास.

त्या आत गेल्या, लाइव्हमध्ये वाचायची स्वतःची प्रत घेऊन आल्या आणि ती माझ्यावर ठेवली. दोनशे एकतीस. मग ती उचलून चेंबरमधली ठेवली. दोनशे एकोणपन्नास.

निरंजनभाऊंनी हात माझ्याकडे नेला आणि तसाच मागे घेतला. गेटबाहेर गिरधरच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"जाऊ दे," निरंजनभाऊ हळू आवाजात म्हणाले. "अक्षरं तर पुसली नाहीत न? वाचता येतं. तिकडं पोहोचेपर्यंत सुकूनही जाईल. ज्योत्स्ना, आज नाही दिलं तर सगळं बंद होऊन जाईल. माझ्याच अकलेनं झालं हे, मला माहीत आहे. पण आता पाठव."

ताईंनी ओलं पुस्तक मिटलं. "अहो, मी कागदाच्या गावची पोरगी. माझ्या बाबांनी जन्मभर कागद कोरडा ठेवला. आणि मी माझंच पुस्तक पाण्यात घातलं."

"म्हणूनच म्हणतो, कोणाला सांगायची गरज नाही."

"पाकीट फोडणारीला कोण सांगणार? तिच्या हातात तर हेच येणार न!"

हॉर्न पुन्हा वाजला. ताईंनी डोळे पुसले, फोन उभा केला आणि लाइव्ह सुरू केलं. मला उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवलं. मित्रांनो, माझी तर बोबडीच वळली. एवढ्या लोकांसमोर मी कधी बोललो नव्हतो. त्यात पंख्याच्या वाऱ्याने माझा शेवटचा आकडा नाचू लागला. आता चुकलो असतो, तर ताईंच्या शब्दाला किंमत राहिली नसती. धुरपदाबाईंनी ते ओळखलं आणि पंखा बंद केला. उकाड्यात सगळे घामाने निथळत उभे राहिले. माझा आकडा थांबला.

"ही कोरडी प्रत," ताई म्हणाल्या. "आणि ही तुमच्यासाठी ठेवलेली. वरचं वजन पाण्याचं आहे. मी पुस्तकं केळीच्या चेंबरमध्ये ठेवली, चूक माझी. यातली एकही प्रत मी पाठवणार नाही. नवी छपाई होईपर्यंत थांबाल, तर उपकार होतील."

गिरधर रिकामी गाडी घेऊन गेला. पाच वाजले आणि फोनच्या पडद्यावरून पुस्तक नाहीसं झालं. जणू कधी लिहिलंच नव्हतं.

दीपालीताईंचा फोन आला. ताईंनी सगळं सांगितलं. "मी आमच्या बायकांशी बोलते," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आला तो आधी गेलेल्या पार्सलाचा शेरा. एक तारा आणि खाली लिहिलेलं, 'पुस्तकाला केळ्याचा वास येतो.' ताईंनी माफी मागितली, नवी प्रत द्यायचं कबूल केलं. तो शेरा आजही तिथेच आहे. निरंजनभाऊ गच्चीवर सावलीत एकेक प्रत उघडून वाळवत बसले. पानं सुकली, पण लाटा गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दीपालीताई बोलल्या. "बायका दोन्ही बाजूंनी भांडल्या. शेवटी ठरलं, तुम्ही या. तुमची ती एक कोरडी प्रत आणा आणि वाचून दाखवा. नवं पुस्तक घ्यायचं की नाही, ते ऐकल्यावर ठरवू. मी आत्ता शब्द देत नाही."

रविवारी ताई एकच पुस्तक घेऊन नाशिकला गेल्या. घरी धुरपदाबाई आणि निरंजनभाऊ मंडळाचं लाइव्ह पाहायला बसले. फोन मलाच टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला फक्त त्याची पाठ दिसत होती आणि समोर या दोघांचे चेहरे. ताई सुरुवातीला दोनदा अडखळल्या. मग त्या गोष्टीत शिरल्या. कॉलनीतली एक बाई, नवरा पाळीवरून यायच्या आधी भाकरी टाकणारी. शेवटचं वाक्य संपलं आणि दीपालीताईंचा आवाज आला, "आता मनापासून सांगा. नव्या छपाईपर्यंत कोण कोण थांबेल? हात वर करा."

काहीच ऐकू आलं नाही. टाळी नाही, हुंकार नाही. गेलं सगळं, असं वाटलं. निरंजनभाऊंनी मान खाली घातली. हात वर होताना आवाज होत नाही, हे मला त्या वेळी कुठे सुचणार?

धुरपदाबाई फोनवर वाकल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मुलाच्या खांद्याला गदागदा हलवलं.

"अरे, वर पाहा! माय वं, साऱ्याच! एकीचाही हात खाली नाही रे!"

मित्रांनो, पुस्तक हे ओलाव्याला, उन्हाला आणि हेळसांडीला भिणारं असतं. त्याला कोरड्या जागी, माणसांच्या जवळ ठेवा. आणि घरात माझ्यासारखं कोणी असेल, ज्याला मनासारखं बोलता येत नाही, फक्त आहे ते सांगता येतं, तर त्याच्या डोक्यावर टपली मारण्याआधी एकदा आपल्या मालाकडे पाहा. एवढंच माझं मागणं आहे.