हिरव्या पुडीची जागा

आमच्या घरातला गोंगाट बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की माझा नवरा केवढ्या आवाजात जेवतो. पण ते पुढचं. आधी होंग बाईंचा फोन आला, तिथून सांगते.

होंग बाई म्हणजे आमच्या रेडिओ केंद्राच्या मालकीण. त्यांच्याकडे मी रोज सकाळचा कार्यक्रम करते, तोही वानहुआ वस्तीतल्या माझ्या घरातूनच, मागच्या खोलीत माइक आणि कॉम्प्युटर मांडून. जुनी गाणी लावायची, आज कोबी घ्यावा की भाव उतरायची वाट बघावी ते सांगायचं, सांधेदुखीच्या तेलाचे गोडवे गायचे, आणि मग श्रोत्यांचे फोन घ्यायचे. ऐकणारे सगळे म्हातारेकोतारे. कुणाचं पोट साफ झालं नाही, कुणाची सून बोलत नाही, सगळं मला सांगतात. माझाही त्यांच्यावर जीव आहे, खोटं कशाला बोलू.

तर होंग बाई म्हणाल्या, बाओजू, तुझ्या आवाजामागे घर्रघर्र येते. ताइनानच्या एका आजोबांनी विचारलंय, बाओजू विमानतळावर राहायला गेली का. सोमवारी मी स्वतः ऐकणार, आणि तोवर हे थांबलं नसेल तर सकाळची वेळ युएलानला देणार.

युएलानला! ती बाई तेल विकताना रडते हो. गुडघा म्हटलं की तिचे डोळे भरून येतात. माझी माणसं तिच्या हवाली करून मी काय घरात शेंगा सोलत बसू? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोष कॉम्प्युटरचा होता. प्रोसेसरवरचा पंखा इतका जुना झाला होता, की जरा काम पडलं की धापा टाकायचा. माझा नवरा जिनलाय जन्मभर शहरबस चालवून निवृत्त झालेला. इंजिन म्हटलं की त्याला मत असतंच. तो म्हणाला, गरम इंजिन पाण्यानं थंड करतात, प्रोसेसरलाही पाण्याचा कूलर मिळतो, चल बाजारात. मला मनातून वाटलं, याला घराबाहेर पडायला निमित्त हवंय. कार्यक्रम चालू असताना त्याला मी त्या खोलीत येऊ देत नाही, कारण तो खोकतो, खुर्ची करकरवतो आणि मध्येच कोबीचा भाव दुरुस्त करतो. निवृत्त झाल्यापासून बिचारा रोज सकाळी बंद दाराबाहेर सपाता फटफटवत फिरत असतो.

आमच्या कॉम्प्युटरची पेटी खांद्यावर घेऊनच तो दुकानात शिरला. दुकानात ल्याओ नावाचा चष्मेवाला विक्रेता होता, सरळ माणूस. त्यानं आधी प्रोसेसरवर बसवायचा धातूच्या पात्यांचा एक मनोरा दाखवला, बाजूला हा एवढा पंखा. म्हणाला, काकू, हाच घ्या. शांत आहे, साधा आहे, यात पंप नाही की पाणी नाही, काही बिघडायचं नाही. मला पटलं. मी पिशवीत हात घालते तोच जिनलायनं विचारलं,

"आणि पुडी कुठे बसणार?"

ल्याओचा चेहरा गंभीर झाला. व्हायलाच हवा. पुडी म्हणजे हिरवी पुडी, नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांची. ती जवळ असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे आमच्या तैवानात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बँकेत, इस्पितळात, कारखान्यात, जिथे यंत्र तिथे पुडी. हिरवीच लागते. पिवळी किंवा लाल ठेवली तर यंत्र रुसतं. तारीख उलटलेली चालत नाही. आणि यंत्र चालू असताना ती फोडून खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आमची पेटी टेबलाखाली बसते. तिच्या डोक्यावर दोन बोटांचीही जागा नाही, म्हणून आमची पुडी पहिल्यापासून पेटीच्या आत, प्रोसेसरच्या शेजारी उभी असते. तो मनोरा बसवला तर सगळी जागा तोच खाणार होता. ल्याओनं खणातून एक ताजी पुडी काढली आणि मनोऱ्याच्या कडेनं सरकवून पाहिली. ती वाकली. जिनलाय म्हणाला, मान मोडून बसवणार का तिला? मग ल्याओनं बुटका मनोरा आणला. पुडी बसली, पण भिंतीकडे तोंड करून. शेजारच्या गिऱ्हाईकांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, तोंड बाहेरच हवं, नाहीतर ती बघणार काय? दुसरा म्हणाला, तारीख दिसायला हवी. बघता बघता काउंटरभोवती घोळका जमला आणि जो तो आपल्या कचेरीतली पुडी कुठे बसते ते सांगू लागला.

शेवटी ल्याओनं पाण्याचा कूलर पेटीत धरून दाखवला. प्रोसेसरवर फक्त वाटीएवढा पंप, त्यातून निघालेल्या दोन नळ्या छताला गेलेल्या, आणि छताला दोन पंख्यांची चपटी जाळी. पाणी गरम होऊन वर जायचं, पंखे खालची हवा ओढून वरून बाहेर टाकायचे, पाणी थंड होऊन परत यायचं. आणि पंपाखाली ही ऐसपैस मोकळी जागा. पुडी ताठ उभी राहिली, तोंड पेटीच्या काचेकडे, तारीख समोर. घोळक्यानं सुस्कारा सोडला. तीन पंख्यांचाही कूलर होता, पण तो आमच्या पेटीत मावत नव्हता. पंप किती वर्षं टिकतो ते सांगायला ल्याओनं तोंड उघडलं, पण ऐकायला कुणालाच वेळ नव्हता. पंख्यांच्या दिव्यांचा रंग तेवढा ठरायचा होता. जिनलाय म्हणाला, हिरवा, तिला आपल्यातलं वाटलं पाहिजे.

ल्याओनं तिथेच सगळं बसवून दिलं. घरी येऊन कॉम्प्युटर लावला, तर चालू झाला की नाही तेच कळेना. इतकं गार शांत. मला इतका आनंद झाला, की मी जिनलायच्या पाठीत धपाटा घातला.

मग एकेक ऐकू यायला लागलं. वरच्या मजल्यावरचा बाप्या तोच तोच सूर चुकवत गाणं घोटत होता. फ्रिज कण्हत होता. आणि स्वयंपाकघरात जिनलाय शेवयांचं सूप पीत होता. अगं बाई, काय तो सुर्रर्र आवाज! बंद दारातून माइकवर येत होता. इतकी वर्षं हे सगळं त्या जुन्या पंख्यानं पोटात घातलं होतं म्हणायचं. मी लगेच फर्मान काढलं. सोमवारी सकाळी माझा कार्यक्रम संपेपर्यंत या घरात कुणी काही खायचं नाही, प्यायचं नाही, चावायचं नाही. जिनलाय हिरमुसला. पण मला युएलान दिसत होती, मी ऐकून घेतलं नाही.

सोमवारी सुरुवात झकास झाली. गाणं झालं, कोबी झाला. तेलाकडे वळले आणि टेबलाखालून आवाज आला, फर्रर्र. मग फर्रर्र-टक, फर्रर्र-टक. खाली वाकून बघते तर पेटीत पुडी वर उडून छताच्या पंख्याला चिकटली होती. बोलता बोलताच मी सपात फेकून दारावर मारली. जिनलाय आत आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याचं तोंड पडलं. मी ओळखलं, यानंच काहीतरी केलंय. नंतर कबूल झाला, की तळाशी बसवणं त्याला अपमानाचं वाटलं होतं, म्हणून रविवारी त्यानं तिला मधल्या आडव्या कार्डावर, पंख्यांच्या अगदी खाली नेऊन बसवलं होतं. पंखे जोरात फिरले आणि फुगलेली हलकी पुडी उचलली गेली.

त्यानं काच काढली, हात घातला आणि पुडी खाली ओढली. मी हातानं खुणावलं, बाहेर काढ. त्यानं मान हलवली. यंत्र चालू असताना पुडी बाहेर काढायची नाही म्हणजे नाही. मी डोळे वटारले, तरी ऐकेना. तसाच पेटीत हात घालून बसला. पण पंख्याच्या पात्यानं पुडीला चीर पाडली होती, आणि त्यातून एकेक कुरकुरा खाली टपकायला लागला. खाली तारा, कार्ड, सगळा जीव. जिनलायनं दुसऱ्या हातात ते झेलायला सुरुवात केली. मूठ भरली. त्यानं माझ्याकडे बघितलं. बिचारा सकाळपासून उपाशी होता. त्यानं मूठ तोंडात रिकामी केली.

कुर्रूम. कुर्रूम. कुर्रूम.

त्या शांततेत तो आवाज अख्ख्या तैवानभर गेला. चीर वाढत गेली आणि तो खात गेला. थांबला असता तर कुरकुरे तारांवर पडले असते. मी गाणं लावायला हात पुढे केला, तोवर फोन लागलाच. यीलानच्या सू आजी. त्यांनी विचारलं, बाओजू, कोण खातंय?

खोटं बोलायला माझ्याकडे वेळही नव्हता आणि जागाही. मी म्हटलं, "माझा नवरा. कॉम्प्युटरची हिरवी पुडी खातोय."

मग सू आजींनी हळूच विचारलं, यंत्र चालू आहे का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, देवा.

पुढे जे फोन सुरू झाले ते थांबेचनात. कुणी म्हणालं यंत्राची माफी मागा, कुणी म्हणालं ताबडतोब नवीन आणा, पण आणायला जाईपर्यंत काय करायचं यावर कुणाचं एकमत होईना. तेलाची जाहिरात राहून गेली. माझ्या कपाळाला घाम, नजर पडद्यावर, आता बंद पडतो की मग बंद पडतो. शेवटी सू आजींनीच परत फोन केला आणि निकाल दिला.

"हे बघ पोरी, पुडी गेली कुठे? त्याच्या पोटातच आहे ना? मग त्याला तिथून हलू देऊ नकोस."

जिनलायनं तोंड पुसलं आणि पेटीला टेकून बसला. कॉम्प्युटर कार्यक्रमाच्या शेवटापर्यंत मुकाट चालला.

लगेच होंग बाईंचा फोन आला. मी मनात म्हटलं, संपलं. होंग बाई म्हणाल्या, घर्रघर्र नव्हती, चांगलं झालं, वेळ तुझीच राहील. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, तो अजून तिथेच बसलाय ना?

बसलाय तर. त्या दिवसापासून रोज बसतो. मी नवी पुडी आणून पंपाखाली उभी केली, पण जिनलाय म्हणतो तिला अनुभव नाही. पाट टाकून टेबलाशेजारी बसतो, खोकला आला तर उशीत तोंड घालतो, आणि कोबीचा भाव चुकला तर माझ्या पायाला बोट लावतो. दाराबाहेरची फटफट थांबली आहे. इतकी वर्षं मी त्याला बाहेर का ठेवलं, हे आता माझं मलाच कळत नाही.

परवा कार्यक्रमाआधी मी आतल्या पुडीची तारीख बघत होते. तो पाटावरून म्हणाला,

"माझी नको का बघायला?"

मी म्हटलं, म्हाताऱ्या, तुझ्यावर छापलेलीच नाही. बोलून गेले आणि उठून त्याच्याजवळ गेले. मग त्याची मान धरून, कॉलर मागे करून मी नीट बघून घेतलं, खरंच कुठे काही नव्हतं, आणि मगच माइक चालू केला.