यंत्र म्हणालं, ‘हाय!’

निलंगा रस्त्यालगतच्या गुऱ्हाळासमोर मांडव इतका गच्च भरला होता, की शिंक आली तर बाहेर जाऊन द्यावी लागत होती. स्टेजवर पिवळ्या रेशमी कफनीतले गूळबाबा आणि मागे लग्नात लावतात तसला भला मोठा पडदा. पडद्यावर, स्टेजवर बोलावलेल्या गावातल्या केवळाबाईंचं बोट दुधी भोपळ्याएवढं दिसत होतं.

“गूळ धरला का मुठीत?” बाबांनी माइकवर विचारलं.

“धरला जी.”

“दाबा! आणखी दाबा! अंगातली शुगर वर येऊ द्या. काट्यानं काटा निघतो, गुळानं शुगर निघती!”

चेल्यानं बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला, पट्टी यंत्रात. पडद्यावर एच आणि आय अशी दोन इंग्रजी अक्षरं उमटली. शुगर मोजण्याच्या पलीकडं गेली की हे यंत्र आकडा सोडून तेवढंच दाखवतं. पण मांडवाला इंग्रजीची गरजच पडली नाही.

“हाय!” बाबा गरजले. “मी म्हणून राहिलो का? यंत्र सोता म्हणून राहिलंय, हाय!”

“हाय! हाय!” मांडव दणाणला.

मग केवळाबाईंचे हात भस्माच्या पाण्यात बुडवले, खसाखसा चोळले, पुसले. दुसरा थेंब. पडद्यावर आकडा आला, दोनशे दहा.

“उतरली!”

मीठमोहऱ्यांनी दृष्ट उतरवणाऱ्या गावाला हा शब्द पटायला कितीसा वेळ लागणार? दृष्ट उतरते, ताप उतरतो, मग शुगर का नाही उतरणार?

“एकदा उतरली की परत चढत न्हाई,” बाबा म्हणाले. “आता गोळ्या, सुया, समदं टाका टोपलीत!”

केवळाबाईंनी गोळ्यांची पाकिटं टोपलीत भिरकावली आणि माइकवाल्याशीच फुगडी धरली. गुडघे दुखतात म्हणून ही बाई कालपर्यंत उंबरा ओलांडताना तीन देवांची नावं घ्यायची.

पुढच्या ओळीत बसलेल्या पुनमला मात्र हसू येत नव्हतं. लातूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली ही पोरगी, पण गेल्या वर्षापासून तिचं सगळं विज्ञान भाकरी मोजण्यात आणि सुईचं माप धरण्यात चाललं होतं. तिच्या दुसरीतल्या लेकीच्या, शिवांगीच्या अंगात इन्सुलिन बनतच नव्हतं. बाहेरून सुईनं द्यायचं, रोज द्यायचं, आणि बंद केलं तर लेकरू हातचं जातं, हे डॉक्टरांनी तिला एकदाच सांगितलं होतं. तिनं ते हजारदा ऐकलं होतं, बहुतेक वेळा पहाटे.

ते निभावायचं कसं हे शिकवलं कमलम्मा सिस्टरनी. लातूरच्या दवाखान्यात त्यांनी शिवांगीच्या हातात एक संत्रं दिलं आणि म्हणाल्या, “हे तुझं पेशंट. दे बघू सुई.” पोरीनं संत्र्याला इतक्या सुया दिल्या, की शेवटी ते खायला कुणी धजेना.

शेजारी सासरे वीरण्णा बसले होते. खिशात ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली.

“मामा, अजून विचार करा,” पुनम हळूच म्हणाली.

“विचार करूनच आलो, पुनम. पोरगी रोज पोट पुढं करती आन् मला म्हणती, आज्जा, तू तिकडं बघ. किती दिवस तिकडं बघू मी? उतरली, तर बाटली टोपलीत. न्हाई उतरली, तर न्हाई.”

माणूस मायेनंच चुकत होता. त्याच्याशी भांडायचं तरी कसं? ती आली नसती, तर ते एकटेच नातीला घेऊन आले असते.

शिवांगीला वर बोलावलं. मुठीत गूळ आला. पोरीनं डोळे मोठे केले.

“आई, चाटू का?”

“खबरदार!”

मांडव हसला. चेला सुई घेऊन सरसावला, तशी शिवांगीनं हात मागं घेतला. “थांबा की! हात धुवायचाय.”

“धुवू की लेकरा, नंतर.”

“नंतर न्हाई, आधी! कमलम्मा सिस्टर म्हणतात, हात नाही धुतला तर बोट खोटं बोलतं.”

“सिस्टरपेक्षा मोठ्या दवाखान्यात आलीस तू!” म्हणत बाबांनी बोट धरलं. टोच. पडद्यावर तीच दोन अक्षरं.

“हाय!”

घरून निघताना पुनमनं स्वतः लेकीची शुगर तपासली होती, एकशे बासष्ट. तहान लागलीय का? पोटात दुखतंय? तिनं लेकीकडं निरखून पाहिलं. लेक एका पायावर लंगडी घालत पडद्यावरच्या स्वतःच्या बोटाला वाकुल्या दाखवत होती.

भस्माचं पाणी. चोळणं. पुसणं. एकशे अठ्ठावन्न.

“उतरली!”

वीरण्णा डोळे पुसत उठले, टोपलीकडं निघाले. आणि पुनमच्या डोक्यात बासष्ट आणि अठ्ठावन्न शेजारी शेजारी उभे राहिले. शुगर चढलीच नव्हती, मग उतरेल कुठून? मधेच चढला होता तो फक्त गूळ. हात आधी धुवायचा की नंतर, सगळी मेख तेवढ्यातच!

ती स्टेजवर कशी चढली, हे तिला आजही आठवत नाही. टोपलीवर धरलेलं सासऱ्यांचं मनगट तिनं घट्ट पकडलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

“मामा, एक मिनिट. आधी बाबांची शुगर बघू.”

“आमची?” बाबा हसले. “आमच्या अंगात शुगर शिरायची बिशाद न्हाई!”

“मग तर सोपंच झालं.”

“बघू द्या की महाराज!” मांडव पेटला. चमत्कार बघायला आलेल्यांना आणखी एक फुकट मिळत होता.

सकाळपासून गुळाच्या ढेपी फोडून बाबांची बोटं अशी चिकटली होती, की माशी बसली ती उठायची वाट बघत होती. शिवांगीनं आपल्या पिशवीतून टोचणी काढली.

“नवी सुई हाय. घाबरू नका, मुंगी चावल्यागत होतंय.”

“आई गंऽऽ!” माइक चालूच होता.

पडद्यावर दोन अक्षरं.

मग मागून कुणीतरी बोललं, “अगा, बाबाला बी हाय!”

मांडव असा फुटला, की गुऱ्हाळावरची कबुतरं उडाली.

“यंत्र बिघडलं!” बाबा ओरडले.

“आँ?” केवळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “मग सकाळपासून बिघडलेल्या यंत्रानंच आमची उतरवून राहिले व्हय?”

“आता हात धुवा,” पुनम म्हणाली. बाबा भस्माच्या पाण्याकडं वळले. “ते नको. साधं पाणी.” शिवांगीच्या शाळेच्या बाटलीतलं पाणी तिनं त्यांच्या हातावर ओतलं, बोटं पुसायला लावली. नवा थेंब, नवी पट्टी. एकशे दहा.

“उतरलीऽऽ!” शिवांगी किंचाळली.

पुनमनं माइक घेतला. “बोटावर गूळ असला, की तो रक्ताच्या थेंबात मिसळतो. यंत्राला रक्तातली साखर कुठली आणि बोटावरची कुठली, हे कळत नाही. ते दोन्ही मिळून मोजतं. हात धुतला की रक्ताचा खरा आकडा दिसतो. भस्मानं धुवा नाहीतर नळाखाली धुवा. केवळामावशी, तुमची दोनशे दहा उतरलेली नाही. ती आहेच. आणि ती गोळ्यांशिवाय वाढेल.”

मग जे झालं त्याला झुंबडच म्हणावं लागेल. सगळा मांडव टोपलीवर पडला. “ही बीपीची का शुगरची?” “माझी गुलाबी व्हती!” पुनम ओरडत होती, “अंदाजानं घेऊ नका! नाव वाचा, नाही कळलं तर दवाखान्यात दाखवा!” या गोंधळात बाबा मागच्या बाजूनं गाडीकडं पळाले. गुळानं चिकटलेली कफनी दारात अडकली तेवढाच काय तो उशीर. तेवढ्यात पोरांनी गाडीला गराडा घातला आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

वीरण्णांनी ओलं फडकं सुनेच्या हातात ठेवलं. “गार हाय बघ अजून,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी घरी शिवांगी सुई घ्यायला बसली, तेव्हा ते साबण घेऊन आले. आधी तिचे हात धुतले, मग स्वतःचेही धुतले.

“आज्जा, तुझे कशाला? आन् तू तिकडं बघ की.”

“आता न्हाई. आता नीट बघतो.”

आपणही तेवढंच करायचं आहे. चमत्कार दिसला की मान खाली घालायची नाही, नीट बघायचं. आधी काय केलं आणि नंतर काय केलं, एवढं विचारायचं. आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध कुणाच्या टोपलीत टाकायचं नाही.