रेघेच्या अलीकडे

"रेघ खुणेच्या पुढे सरकतेय," आत्या म्हणाली.

शर्यतीची सकाळ होती, मी फक्कीचा डबा घेऊन मैदानावर वाकले होते. "सरकू दे की. तेवढंच तुला जवळ पडेल. कोण बघतंय?"

"मी बघतेय. पूस ती."

चपलेनं पुसली आणि खुणेवर परत मारली. डोकं तापलं होतं, पण आत्याशी भांडायचं म्हणजे तिला बोलायला लावायचं, आणि जास्त बोललं की तिला धाप लागते. म्हणजे भांडण आपण जिंकायचं आणि वाईटही आपल्यालाच वाटायचं.

आत्या माझ्या बापाची मोठी बहीण. मी शाळा सोडली तेव्हापासून माझं बापाशी पटत नाही, म्हणून मी तिच्याकडे राहते. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुण्यात तिचा जन्म गेला. वाफ, ब्लीच, कापडाची भुकटी, सगळं तिच्या छातीत जाऊन बसलं. मागच्या थंडीत डॉक्टर म्हणाले, यापुढे पळायचं नाही, बस सुटत असली तर सुटू द्यायची. आत्यानं मान हलवली आणि विचारलं, "आणि कुत्र्याबरोबर?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय.

आमच्या क्लबात कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती होतात. कुत्र्यानं दांड्यांवरून उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, काठ्यांमधून नागमोडी पळायचं. मालकानं शेजारून पळत पुढचा अडथळा दाखवायचा. आमचा कुत्रा चिमटा यात वाघ. लाँड्रीच्या मागे सापडला तेव्हा दोरीवरचे कपड्यांचे चिमटे पळवायचा, म्हणून चिमटा. आत्याचा खांदा जिकडे वळेल तिकडे हा आधीच पोचलेला असायचा.

आत्याचं पळणं थांबलं आणि त्याचं बिनसलं. आधी उशी फाडली. मग दाराची चौकट खाल्ली. मग स्वतःचा पाय कुरतडायला लागला, रक्त येईपर्यंत. मी त्याला पळवून बघितलं. मी वाऱ्यासारखी पळते, पण हा मान वळवून आत्यालाच शोधतो. दुसऱ्या कुणाबरोबर पळायचा तो फक्त मास्तरांबरोबर. मास्तर म्हणजे क्लबात कुत्री शिकवतात ते. पिल्लू असताना चिमट्याला त्यांनीच शिकवलं होतं.

मग आत्या क्लबच्या मीटिंगमध्ये उभी राहिली. जन्मात कधी बोलली नव्हती तिथे. म्हणाली, शर्यतीत एक नवीन क्लास काढा, म्हणजे वेगळा गट. मालक रेघेमागे उभा राहील, नुसत्या आवाजानं आणि हातानं कुत्र्याला लांबून चालवेल. ज्यांना पळता येत नाही त्यांचीही कुत्री पळतील.

"म्हणजे उभा क्लास," मागून एक जण म्हणाला. "मग पुढच्या वर्षी आडवा क्लास पण काढा. झोपून खेळायचं."

सगळे हसले. आत्यासुद्धा हसली, आणि मग खोकत बसली. मी त्या माणसाला म्हटलं, "काका, तुमचं कुत्रं तुम्ही शेजारी असतानाही ऐकत नाही. लांबून तर ते ओळखणार पण नाही तुम्हाला." आत्यानं माझी बाही ओढली.

सेक्रेटरी म्हणाले, "एका शर्यतीत करून बघू. एक तरी कुत्रा न चुकता गेला, तर क्लास ठेवू. नाहीतर विषय बंद."

घरी येताना आत्या जिन्यात थांबली. श्वास घेऊन म्हणाली, "विषय बंद झाला, तर चिमटा मास्तरांकडे जाईल. मी बोललेय त्यांच्याशी."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"त्याचा पाय बघ आधी."

मी बघितला नाही. मला माहीत होता.

सराव आमच्या खोलीमागच्या अंगणात केला. तिथे सगळे भाडेकरू कपडे वाळत घालतात. रंगाच्या दोन डब्यांवर झाडूचा दांडा ठेवला की झाली उडी. बूड गेलेलं पिंप आडवं केलं की बोगदा. आत्या दारात स्टुलावर बसून सांगायची, "जा. बाहेरून. वळ." अंगण केवढं, तर चिमटा चार उड्यांत भिंतीला लागायचा. तिथून वळायचं आणि आत्याकडे यायचं. रोज तसंच. आठवडाभरात तो असा काही पळायला लागला की शेजारीण कपडे पिळायचे सोडून बघत राहायची. पायाची जखमही सुकायला लागली.

तर आता शर्यतीचा दिवस. पहिला कुत्रा निम्म्यातून परत आला आणि मालकिणीच्या अंगावर चढला. दुसऱ्यानं बोगद्यावर पाय वर केला. लोक पोट धरून हसले. उरला चिमटा.

आत्या रेघेशी उभी राहिली. "जा."

गेला. पहिली उडी, दुसरी, बोगदा. "बाहेरून," आत्या म्हणाली, तर हा बाहेरून. काठ्यांमधून असा गेला जसा काही पाण्यातून. हसणारे माना उंचावून बघायला लागले. एकच उडी राहिली. ती पार पलीकडे, मैदानाभोवती बांधलेल्या दोरखंडाजवळ.

आणि चिमटा थांबला.

पुढे उडी दिसत होती त्याला. पण एवढ्या लांब तो कधी गेलाच नव्हता. त्यानं मागे वळून बघितलं.

"पुढे," आत्या म्हणाली.

तो शेपूट हलवायला लागला. आपल्याला सगळं जमलं, आता आत्याकडे जायचं, असं तोंडावर लिहिलेलं. यायलाच निघाला.

तेव्हा पंचांनी चष्मा काढला. पंच म्हणजे मिशीवाले आजोबा, आत्याबरोबर कितीतरी वर्षं पळालेले. ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि रुमालानं काच पुसत बसले. एक काच पुसायला माणसाला किती वेळ लागतो? सेक्रेटरी आभाळ बघत होते. आडवा क्लासवाले काका चपलेतला खडा शोधत होते. आत्यानं दोन पावलं पुढे टाकली असती आणि खांदा वळवला असता, की तो गेला असता. सगळ्या मैदानाला कळत होतं.

मी दोरखंडाच्या बाहेरून ओरडले, "आत्या, जा ना. कुणी बघत नाहीये."

तिची टाच उचलली. पाय रेघेच्या वर आला. मी बघितला, खोटं नाही सांगत. थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग तिनं तो परत अलीकडे ठेवला. हात मात्र उडीकडेच धरलेला. "पुढे," ती म्हणाली, पण आवाज कुठे उरला होता.

चिमटा येऊन तिच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास."

पंचांनी चष्मा घातला. "बाद," ते म्हणाले, जमिनीकडे बघून.

"दोन पावलं होती," मी म्हटलं. मी रडत होते आणि रडते म्हणून चिडत होते. "कोणी काही म्हणालं नसतं."

"रेघ मीच मागितली होती."

"मग बस आता रेघ घेऊन."

"त्याची काय चूक?" आत्या म्हणाली. "त्याचं अंगण तिथेच संपलं."

दुपारी तिनं पट्टा मास्तरांच्या हातात दिला. चिमट्याला वाटलं, पळायला चाललोय. तो उड्या मारतच गेला. नेहमीच्या क्लासमध्ये मास्तरांबरोबर एकही चूक न करता पळाला. आत्यानं टाळ्या वाजवल्या, छातीला झेपतील एवढ्या. त्याचा पाय आता पूर्ण बरा झालाय, असं मास्तर सांगतात.

अंगणातले डबे आणि झाडूचा दांडा अजून तसेच आहेत. शेजारीण परवा म्हणाली, "आता तरी उचला हो ते, पायात येतं." मी लाथ मारून पाडलं. संध्याकाळी बघते तर परत लावलेलं.

आत्या ओल्या कपड्यांची बादली घेऊन येते. दांड्यापाशी बादली खाली ठेवते. श्वास घेते. एक पाय उचलून पलीकडे टाकते, मग दुसरा. मग वाकून बादली उचलून पलीकडे घेते.

बाजूनं जायला भरपूर जागा आहे.