मागच्या खोलीतला खोकला

सकाळपासून घरात कुणाचं बूड टेकलं नव्हतं. धाकट्या लेकीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे यायचे होते. सासूबाईंनी खुर्च्यांच्या जागा पुन्हा पुन्हा बदलल्या आणि शेवटी सासऱ्यांचीही बदलली. त्यांना मागच्या खोलीत बसवून खिडकी लावून घेतली. सासरे बरेच दिवस खोकत होते, सदरे ढगळ व्हायला लागले होते. सासूबाई त्याला धुळीचा त्रास म्हणत.

थोरल्या सुनेला हे पटत नव्हतं. पटणार तरी कसं? घरोघरी फिरून आजार शोधणारी माणसं कमी पडत होती, म्हणून नव्या मुलींना शिकवायला सरकारने शिक्षक दिले, एका औषध कंपनीने वर्ग आणि तपासणीचं यंत्र दिलं, आणि या भागीदारीतून तयार झालेल्या पहिल्या आरोग्यसेविकांत ती होती. खोकणाऱ्याची थुंकी तपासायला न्यायची, क्षय निघाला तर औषध सुरू करून द्यायचं, हे तिचं काम. सगळी वस्ती तिने पालथी घातली, फक्त स्वतःचं घर सोडलं. लग्न ठरेपर्यंत ब्र काढायचा नाही, असं सासूबाईंनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. क्षयाचं नुसतं नाव निघालं तरी सोयरिकी मोडतात. आजारापेक्षा लोक त्याच्या बभ्र्याला भितात, आणि या भित्रेपणालाच अब्रू म्हणतात.

पाहुणे आले. चहा घेताना नवऱ्या मुलाच्या आईने थोरलीचं तोंडभरून कौतुक केलं. सरकारने आणि कंपनीने मिळून चांगलं काम काढलंय, अशी सून असल्यावर या घराला कसली काळजी, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. सासूबाईंनी घाईघाईने ती शेजाऱ्यांच्या गळ्यात मारली.

थोरलीने हातातला कप खाली ठेवला. बोलावं तर नणंदेचं लग्न मोडणार, गप्प बसावं तर तो माणूस बंद खोलीत झिजून जाणार. ती उठली, आतलं दार उघडलं, खिडकीही उघडली.

"शेजारी नाही, माझे सासरे खोकतायत," ती म्हणाली. "क्षय असू शकतो. औषधं नीट घेतली की बरा होतो. उद्या मी त्यांना तपासायला नेणार आहे."

पाहुणे कप तसेच ठेवून उठले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नणंद आत गेली. बापाजवळ जाऊन त्याची पाठ चोळत बसली.

थोरली फाटकापर्यंत गेली, तर नवऱ्या मुलाची आई पर्स राहिल्याचं निमित्त करून एकटीच परत येत होती.

"माझी लेकही खोकते गं," त्या हलकेच म्हणाल्या. "तिचंही लग्न जमायचंय. मागच्या दाराने येशील का? कुणाला कळायला नको."

"येईन," थोरली म्हणाली, "पण पुढच्या दारानेच येईन."

कोपऱ्यावरून त्यांच्या नवऱ्याने हाक मारली. बाईंनी एकदा तिकडे पाहिलं, मग पदराने तोंड पुसलं.

"मग सकाळीच ये," त्या म्हणाल्या. "सगळे घरात असताना."