निळी चिठ्ठी अडवणारे

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी सकाळी शेरीफचा माणूस टोपी हातात धरून दारात उभा राहिला, तेव्हाच व्हर्लिन हेगल काय ते समजला. त्याची बायको आर्डिस गाडी घेऊन लायब्ररीची पुस्तकं परत करायला गेली होती. परराज्यातल्या एका कंपनीचा ट्रक चौकात थांबलाच नाही. व्हर्लिननं पहिला प्रश्न विचारला, "आणि गाडी?" त्या प्रश्नाची त्याला पुढं फार लाज वाटली.

त्याला भरपाईची हाव नव्हती. ट्रकचे ब्रेक खराब आहेत हे कंपनीला आधी माहीत होतं की नाही, एवढंच त्याला हवं होतं. ब्रेक तपासणीचे कागद कंपनी दाबून बसली होती. ते उघड करा, असा हुकूम न्यायाधीशानंच द्यायचा. कंपनी बाहेरच्या राज्यातली असल्यानं दावा डनफर्डच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात लागला. तिथं न्यायाधीशांच्या जागा दोन, त्यातली एक तीन वर्षं रिकामी. उरलेला एकटा न्यायाधीश फौजदारी खटल्यांत बुडालेला. व्हर्लिनचा अर्ज चौदा महिने तसाच पडून होता.

तिसऱ्यांदा तारीख पुढं ढकलल्याचा कागद आला तेव्हा तो तडक कोर्टात गेला. खिडकीमागं बसली होती नॉर्मा, आर्डिसची थोरली बहीण. दफनानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"फुकट पगार खाता सगळे!" व्हर्लिननं कागद खिडकीवर आपटला. "माझी बायको मेलीय!"

"माझी बहीण मेलीय," नॉर्मा म्हणाली. "आवाज खाली कर. आणि मला सांग, वरची खुर्ची रिकामी कुणामुळं आहे?"

"त्या वॉशिंग्टनवाल्यांमुळं."

"वा! आणि पक्षाच्या हॉलमध्ये बसून कार्डं कुणी लिहिली? पॅनकेक खात खात?"

व्हर्लिननं आपटलेला कागद उचलून घेतला.

वाचकहो, हा प्रकार तुम्हीआम्हीच चालवला आहे. इथल्या न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतो. पण त्याआधी त्या राज्याच्या दोन्ही सेनेटरांकडं एक निळी चिठ्ठी जाते. सेनेटरनं ती परत पाठवली नाही की नाव तिथंच मेलं. कायद्यात हे कुठंही लिहिलेलं नाही. नुसती रीत आहे. राष्ट्राध्यक्षानं सुचवलेला माणूस जुना, सचोटीचा वकील होता. दोन्ही पक्षांचे वकील त्याला मानायचे. पण राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा! म्हणून आमच्या पक्षानं आपल्या सेनेटरला शेकडो कार्डं पाठवली: चिठ्ठी परत करू नका, आपला राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत थांबा. त्यातली दोनशे कार्डं व्हर्लिनच्या हातची होती. तिकिटं आर्डिसनं चिकटवली होती. तिनं तेव्हा विचारलं होतं, "त्या माणसानं केलंय तरी काय?"

"काही नाही. चुकीच्या माणसानं निवडलाय त्याला."

"म्हणजे काहीच नाही ना?" असं म्हणून ती पुढचं तिकीट चिकटवत राहिली.

"तुमचे लोक असते तर त्यांनीही हेच केलं असतं," व्हर्लिन आता खिडकीतून म्हणाला.

"केलंच होतं," नॉर्मा म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी. तेव्हा मी खूश होते. आपलं काही भलं झालं म्हणून नाही, तुमची जिरवली म्हणून. तेव्हाही इथं कुणाची तरी माणसं मेलेली असणारच की! मी त्यांच्या फायली कपाटात लावल्या आणि जेवायला गेले."

"मग आता मला उपदेश कशाला?"

"कारण आता फाईल आर्डिसची आहे, गाढवा! न्यायाधीश आपला नसतो आणि त्यांचाही नसतो. तो खुर्चीत असतो किंवा नसतो. सेनेटरचं ऑफिस याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. मला ओरडण्यापेक्षा तिथं जाऊन ओरड."

तो जिना चढून वर गेला. सेनेटरचा सहायक प्रिचेट त्याला नावानं ओळखत होता. त्यानं हसून कॉफी पुढं केली.

"मिस्टर हेगल! तुमच्यासारख्यांमुळंच तर आपण ही जागा राखून ठेवलीय. दीड वर्ष धीर धरा. आपला माणूस तयार आहे."

"कोण?"

"पक्का आपला. ट्रकवाल्यांच्या संघटनेनंच नाव सुचवलंय. वीस वर्षं त्यांचे खटले लढलाय. तुमच्यासारख्या निष्ठावंतांना अभिमान वाटेल!"

अरे देवा! आर्डिसचा दावा ऐकायला त्यांनी हा माणूस शोधला होता! आणि त्याच्यासाठी वाट मोकळी करून दिली होती व्हर्लिननं, स्वतःच्या हातानं!

"माझी बायको ट्रकखाली मेली," तो म्हणाला.

प्रिचेटचं हसू जागच्या जागी थिजलं. "वाईट वाटलं ऐकून. पण एका दाव्यासाठी पक्षाचं धोरण बदलत नाही, साहेब."

"मग दोनशे कार्डांसाठी कसं ठरलं होतं?"

कॉफी तशीच टेबलावर राहिली.

शनिवारी पक्षाच्या न्याहारीला व्हर्लिन उभा राहिला. "ती निळी चिठ्ठी परत पाठवा, असं आपण सेनेटरला लिहायला हवं," तो म्हणाला.

जिल्हाध्यक्ष ड्वेट मोठ्यानं हसला. "दुःखानं डोकं फिरलंय याचं. बस खाली, व्हर्लिन. सिरप घे."

"डोकं फिरलं होतं तेव्हा फिरलं होतं. आता ठिकाणावर आहे."

"गद्दार!" मागून कुणीतरी ओरडलं. बाकीचे खाली ताटात बघत राहिले. अशा वेळी ताटात बघणं सोपं असतं. मला ठाऊक आहे, मीही बघितलं आहे.

व्हर्लिन घरी गेला आणि नवी कार्डं लिहायला बसला. नॉर्मा आली. समोर बसून कार्डांवर सेनेटरचा पत्ता लिहू लागली. दोघांनी मिळून तीनशे दहा कार्डं पाठवली.

बंधुभगिनींनो, न्यायाधीश कुठल्या पक्षाचा आहे हे विचारण्याआधी तो प्रामाणिक आहे का, हे विचारा. दुसऱ्याचा न्याय अडवायला आपण जो दरवाजा बंद करतो, त्याच दरवाजाबाहेर एक दिवस आपलंच माणूस उभं असतं.

सेनेटरकडून छापील आभारपत्र आलं. चिठ्ठी त्यानं अजून परत पाठवलेली नाही. कागद उघड झालेले नाहीत. ब्रेकचं कंपनीला माहीत होतं की नाही, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.