तेवीस बरण्या
बायको गेली तेव्हा चेक देशातल्या त्रेबीच गावच्या घराच्या तळघरात तिनं घातलेल्या काकडीच्या लोणच्याच्या तेवीस बरण्या उरल्या होत्या. म्हाताऱ्या बोरिवोयनं प्रत्येक बरणीवर एकेक अवघड इंग्रजी शब्द चिकटवला. शब्द पाठ झाला की मगच बरणी उघडायची. इंग्लंडमधल्या नातीला चेक भाषा येत नव्हती ना!

"बाबा, ती सहा वर्षांची आहे, साधं बोला की!" मुलगा फोनवर वैतागायचा.

"गप रे, माझी नात काय अडाणी आहे?"

नाताळात शेवटची बरणी संपली. नात फोनवर दिसताच त्यानं तेवीसच्या तेवीस शब्द वापरून तिला तिची आजी कशी होती ते सांगितलं. पोरीनं शहाण्यासारखं सगळं ऐकून घेतलं आणि बापाला हळूच इंग्रजीत विचारलं, "आजोबा चेकमध्ये बोलतायत का?"

तेवढं इंग्रजी मात्र बोरिवोयला लगेच कळलं.